पडद्यावरची चक्कर : गोळीआधी सेटिंग पाहा

‘चक्कर येते’ ही तक्रार घेऊन एखादे वृद्ध गृहस्थ दवाखान्यात आले, की कोणताही डॉक्टर मनातल्या मनात एक यादी चाळू लागतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कानाच्या आतला भाग, मान, चालू असलेली औषधे. आमचे वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याकडचे गाव. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्याचा. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार आणि त्यातून होणारा रक्तक्षय यांनाही आमच्या यादीत वरचे स्थान द्यावे लागते. गेल्या काही वर्षांत मात्र या यादीत मी आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे : “चक्कर येते तेव्हा आपण कोणत्या पडद्याकडे पाहत असता?”

प्रश्न ऐकून रुग्ण हसतात. पण थोडा विचार केल्यावर पुष्कळदा उत्तर मिळते. वऱ्हाडातला उन्हाळा आपणास ठाऊक आहेच. चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर वृद्धांनी घराबाहेर पडू नये, असे आम्हीच सांगतो. मग कूलरसमोर खाट टाकून दिवसभर टीव्ही पाहणे, दुपारी मोबाइलवर कीर्तन ऐकणे, संध्याकाळी पुण्या-मुंबईतल्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे, एवढाच दिनक्रम उरतो. पूर्वीचा एकवीस इंची खोका जाऊन भिंतभर रुंदीचा पडदा आला. बसायची जागा मात्र तीच राहिली. नजरेचा मोठा भाग आता हलत्या चित्राने व्यापलेला असतो आणि त्याचा परिणाम शरीरावर होतो.

चित्र ‘हलते’ म्हणजे काय?

पडद्यावर काहीही हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात आणि मेंदू त्यांतून हालचाल रचतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. हाताचा वेग कमी-जास्त होई. म्हणूनच मूकपटांतील माणसे पुढे वेगवान यंत्रांवर दाखवली, की लगबगीने, तुरुतुरु चालताना दिसतात. बोलपट आल्यावर वेग निश्चित करणे भाग पडले, कारण वेग डळमळला तर आवाज चिरकतो किंवा घोगरा होतो. सेकंदाला 24 चित्रे हे प्रमाण तेव्हा रूढ झाले. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये आला, तो या बोलपटांच्या युगातला. पुढे दूरदर्शनने आपल्याकडे सेकंदाला 25 चित्रांची पद्धत स्वीकारली. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, त्याच्याशी हे प्रमाण जुळणारे होते.

आज या बाबतीत दोन वेगवेगळे आकडे लक्षात घ्यावे लागतात. पहिला, समोरून येणारी चित्रे सेकंदाला किती आहेत, हा. त्याला फ्रेम रेट म्हणतात. दुसरा, पडदा स्वतःचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवतो, हा. त्याला रिफ्रेश रेट म्हणतात. साध्या पडद्यांत तो बहुधा 60 असतो, नव्या मोबाइलमध्ये 90 किंवा 120, तर खेळांसाठी घेतलेल्या संगणकाच्या पडद्यात 144 किंवा त्याहूनही अधिक.

हे दोन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, की चित्र अडखळते. सेकंदाला 24 चित्रांचा चित्रपट 60 च्या पडद्यावर दाखवायचा, तर एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा असे दाखवावे लागते. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा हा लंगडा ठेका डोळ्यांना जाणवतो.

संगणकावरील खेळाची गोष्ट आणखी निराळी. चित्रपटातली चित्रे आधीच तयार असतात; खेळातले प्रत्येक चित्र त्याच क्षणी बनवावे लागते. हे काम करणारा संगणकातला भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आपण पंगतीचे उदाहरण घेऊ. वाढपी ठरलेल्या वेळाने पानांवरून फिरतो आहे. हा झाला पडदा. आत तव्यावर पोळ्या भाजल्या जात आहेत. ते झाले ग्राफिक्स कार्ड. पोळ्या वेळेवर निघाल्या तर पंगत सुरळीत चालते. तवा मागे पडला, तर वाढपी रिकाम्या हाताने फिरतो आणि चित्र गोठल्यासारखे वाटते. तवा फार पुढे गेला, तर वाढपी एका पोळीचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा भाग घेऊन येतो आणि पडद्यावरचे चित्र मधोमध आडवे फाटल्यासारखे दिसते. मोकळे रान दाखवायचे असले तर कार्डाचे काम हलके, दाट झाडी आणि सावल्या असल्या तर जड. म्हणून खेळातला वेग क्षणाक्षणाला वरखाली होत राहतो.

वयाबरोबर काय बदलते?

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रकाशाची लुकलुक ओळखण्याची डोळ्यांची क्षमता वयाबरोबर कमी होते. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एकतृतीयांश प्रकाश पोहोचतो. त्यामुळे नातवाला जो पडदा लुकलुकताना दिसतो, तो आजोबांना स्थिर वाटू शकतो. मग त्रास नातवाला अधिक व्हायला हवा. पण अनेकदा तो आजोबांनाच होतो.

याचे कारण तोल सांभाळण्याच्या यंत्रणेत आहे. आपला तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो : कानाच्या आतली तोलेंद्रिये, पाय व सांधे यांतून येणारी जाणीव आणि नजर. वयानुसार पहिल्या दोन दुबळ्या होत जातात आणि शरीर नजरेवर अधिक विसंबू लागते. रात्री दिवे गेल्यावर वृद्धांचा तोल लवकर जातो, तो यामुळेच. आता अशा माणसासमोर भिंतभर चित्र डावी-उजवीकडे झुकू लागले, तर डोळे सांगतात ‘आपण चाललो आहोत’ आणि कान सांगतात ‘आपण खुर्चीत बसलो आहोत’. या भांडणातून मळमळ, घाम, डोके जड होणे आणि चक्कर निर्माण होते. घाटात एसटीच्या मागच्या बाकावर पेपर वाचणाऱ्याला जे होते, त्याच्या हे बरोबर उलट. पण त्रास तोच.

चित्राचा वेग कमी असला तरी एकसारखा असेल, तर मेंदू त्याला सरावतो. पण घटकेत 60, घटकेत 25 असा वरखाली होणारा वेग असला, तर त्याला अंदाज बांधता येत नाही. म्हणून ‘वेग वाढवा’ यापेक्षा ‘वेग एकसारखा ठेवा’ हा सल्ला वृद्धांच्या अधिक उपयोगाचा.

एक आजोबा आणि कापसाचे शेत

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक अनुभव सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा माझ्याकडे आले. हयात कपाशीत गेलेली, गुडघे थकल्याने शेत मुलाच्या हाती सोपवलेले. अभियांत्रिकी शिकणारा नातू सुट्टीत गावी आला की आपला संगणक घेऊन येई. त्यावर शेती करण्याचा एक खेळ होता. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा तो खेळ, स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचा. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कापूसही पिकवता येतो. आजोबा रोज संध्याकाळी नातवाच्या बाजूला बसून ती शेती पाहत. बोंडे वेचणारे अजस्र यंत्र त्यांनी प्रथम तिथेच पाहिले.

“डाक्टरसाहेब, ट्रॅक्टर चालवते पोट्टं अन् चक्कर येते मले,” ते म्हणाले. पंधरा मिनिटांत मळमळू लागे, भिंतीचा आधार घेत खाटेपर्यंत जावे लागे. घरच्यांनी वयाचा दोष मानून त्यांना त्या खोलीत बसायची मनाई केली होती. आजोबांचे खरे दुःख चक्करेचे नव्हते. वर्षातून दोन वेळा घरी येणाऱ्या नातवाशी बोलायला त्यांच्याकडे तो एकच विषय होता आणि तोही आता बंद झाला होता.

तपासणी केली. बसून आणि उभे राहून घेतलेल्या रक्तदाबात फरक नव्हता. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन ठीक होते. कूस बदलताना चक्कर येत नव्हती. पडद्यासमोरून उठून अंगणात आले, की काही वेळाने सारे पूर्ववत होई. मी नातवाला बोलावून घेतले. संगणकातले मला फार कळते असे नाही. पण मला जाणायचे होते ते त्याला बरोबर समजले. खेळाच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसेल अशी सोय त्याने चालू केली. आकडा मोकळ्या शेतात सत्तरच्या वर जाई आणि गावातल्या घरांजवळ तिशीच्या खाली उतरे.

त्याने जे बदल केले, ते आपल्याही घरी उपयोगी पडावेत म्हणून क्रमाने देतो. ज्या घरात संगणक आहे, तिथे हे काम नातवंडांकडून करून घ्यावे.

पहिला बदल तारेचा. पडद्याची तार संगणकाच्या मुख्य फळीला जोडलेली होती, ग्राफिक्स कार्डाला नव्हे. कार्ड बसवलेले असूनही त्याचा उपयोग होत नव्हता. ही चूक अनेक घरांत सापडते.

दुसरा, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन पडद्याचा रिफ्रेश रेट पाहणे. कित्येकदा महागडा पडदा घेऊनही तो आकडा 60 वरच राहिलेला असतो.

तिसरा, वेगाला लगाम. ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये किंवा खेळातच फ्रेम रेटची कमाल मर्यादा ठरवता येते. कार्डाला सतत जेवढा वेग झेपतो, तेवढीच मर्यादा ठेवावी. त्याचबरोबर व्ही-सिंक चालू केले. आपल्या पंगतीच्या भाषेत, पूर्ण पोळी हाती आल्याशिवाय वाढप्याने निघायचे नाही. चित्र फाटणे त्याने थांबले.

चौथा, कार्डावरचा भार कमी करणे. सावल्या, गवताची दाटी, दूरवरची झाडे यांची पातळी मध्यमवर आणली. चित्राची शोभा किंचित घटली. ठेका मात्र सुधारला.

पाचवा बदल आजोबांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीतला कृत्रिम धूसरपणा, आणि कॅमेऱ्याचे हेलकावे बंद केले. चालकाच्या आसनावरून दिसणारे दृश्य बदलून ट्रॅक्टरच्या मागून व थोडे वरून दिसणारे दृश्य घेतले. खोलीतला दिवा चालू ठेवला आणि खुर्ची पडद्यापासून दूर सरकवली. पडद्याभोवतीची भिंत, खिडकी, घड्याळ नजरेच्या कडेला दिसत राहिले, की ‘आपण बसलेलो आहोत’ याची साक्ष डोळ्यांनाही मिळते.

सहावा सल्ला मी दिला. गाडी चालवणाऱ्याला सहसा मळमळत नाही, शेजारी बसलेल्याला मळमळते. वळण कधी येणार हे चालवणाऱ्याच्या मेंदूला आधी ठाऊक असते. म्हणून नातवाला म्हटले, “ट्रॅक्टर आजोबांच्या हाती दे, तू बाजूला बसून सांग.”

चक्कर पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. अर्धा तास ते आरामात बसतात, त्यापुढे स्वतःच उठतात. पण “तासं सरळ नाही पडत त्याची” अशी नातवाची तक्रार ते आता हसत माझ्याकडे करतात.

टीव्ही आणि मोबाइलचे काय?

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठीही यात पुष्कळ आहे. नव्या टीव्हीत दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनावट चित्र घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. निरनिराळ्या कंपन्या तिला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी नावे देतात. तिच्यामुळे जुना चित्रपट स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसू लागतो आणि हलत्या माणसाच्या कडेला लहरी उठतात. 2018 मध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्याने ध्वनिचित्रफीत काढून ही सोय बंद करण्याचे प्रेक्षकांना आवाहन केले होते. क्रिकेट पाहताना मात्र काहींना तीच सोय सुखाची वाटते. म्हणून दोन्ही प्रकारे पाहून, ज्यांना पाहायचे आहे त्या वृद्धांनाच विचारून ठरवावे. ‘आई, आता बरे दिसते का?’ एवढे विचारायला एक मिनिटही लागत नाही.

मोबाइलमध्ये पाने सरकताना, उघडताना जी उडती हालचाल दिसते, तीही काहींना सोसत नाही. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ॲनिमेशन काढून टाकण्याची आणि आयफोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ची सोय आहे. आणखी एक सूचना : काही पडदे प्रकाश कमी करण्यासाठी स्वतःला अतिवेगाने चालू-बंद करतात. अंधाऱ्या खोलीत प्रकाश अगदी कमी करून पाहिल्यास काहींचे डोके दुखते. त्यापेक्षा खोलीत मंद दिवा लावावा आणि पडद्याचा प्रकाश मध्यम ठेवावा.

व्हिडिओ कॉलमध्ये चित्र अडकते, ते बहुधा नेटवर्कमुळे. तिथे डोळ्यांचा वा पडद्याचा दोष नसतो. मुलाचा चेहरा गोठतो आणि आवाज पुढे जातो, तेव्हा वृद्ध माता-पित्यांना वाटते की आपल्यालाच कळेनासे झाले. अशा वेळी कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवावा. बोलणे नीट ऐकू येणे हे चेहरा दिसण्याहून अधिक समाधानाचे असते.

चष्म्याकडेही पाहावे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून मध्यम अंतरावरचा पडदा ना वरून स्पष्ट दिसतो ना खालून. मग माणूस हनुवटी वर करतो, मान दुखते आणि मान हलली की चित्र पोहते. पडदा नजरेपेक्षा किंचित खाली ठेवावा. अधिक काळ संगणकावर बसणाऱ्यांनी त्या अंतराचा वेगळा चष्मा घ्यावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात व डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरच्या झाडाकडे पाहण्याची सवय चांगली.

पडद्याचा दोष नसतो तेव्हा

आतापर्यंतचे सारे विसरलात तरी चालेल, पण पुढचे कृपया लक्षात ठेवा. पडदा बंद करा आणि साध्या भिंतीकडे पाहा. मग एकेक डोळा झाकून पाहा. त्रास तरीही राहिला, तर तो पडद्याचा नाही.

एका डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली येणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची चिन्हे असू शकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि जाड उणे नंबर असलेल्यांनी विशेष सावध राहावे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दाराची चौकट किंवा वहीच्या रेघा वाकड्या दिसू लागल्या, तरी त्वरित तपासणी हवी.

एकाएकी एकाचे दोन दिसणे, बोलणे जड होणे, तोंड वाकडे होणे, हातापायातले बळ जाणे, उभे राहता न येण्याइतका तोल जाणे : यांतले काहीही चक्करेसोबत आले, तर तो मेंदूचा झटका समजून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. आमच्यासारख्या गावांतून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच बराच वेळ जातो, म्हणून घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये.

घरात फिट येणारी व्यक्ती असेल, तर झगझगणाऱ्या दृश्यांपासून तिला जपावे. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या व्यंगपटमालिकेतील लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते.

गोळीबद्दल दोन शब्द

चक्करेची गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते, हीच माझी खरी चिंता आहे. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे थोड्या दिवसांसाठी उपयोगी आहेत. पण वृद्धांनी ती महिनोन्‌महिने घेतली, तर हात थरथरणे, अंग ताठरणे, पाय घासत चालणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात. त्यातून पडणे होते, पडण्यातून खुब्याचे हाड मोडते. शिवाय तोल सांभाळण्याची नवी सवय मेंदूने लावून घ्यायची असते, तिलाही अशा गोळ्या खीळ घालतात. आपल्या घरातल्या वृद्धांच्या डब्यात चक्करेची गोळी किती दिवसांपासून आहे, हे आजच पाहा. ती परस्पर बंद करू नका. डबा घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

सेवा करणाऱ्यांना एक विनंती. पडद्याने त्रास होतो म्हटल्यावर ‘मग पाहू नका’ हे सर्वांत सोपे उत्तर असते. पण ज्याचे पाय थकले आहेत, ज्याचे सोबती एकेक करून गेले आहेत, त्याच्यासाठी तो पडदा हाच पार आणि तीच चावडी. तिथून त्याला उठवण्यापूर्वी एक संध्याकाळ शेजारी बसा. कोणते दृश्य आले की ते डोळे मिटतात, किती वेळाने कपाळाला हात जातो, खुर्ची कुठे आहे, दिवा कुठे आहे, हे पाहून एका कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या तरुणालाही दाखवा. दोघांच्याही कामाचे त्यात काही ना काही सापडेल.